दुबई की अंदमान? आई-बाबा आणि मुलीला घेऊन निघणाऱ्यांसाठी

प्रश्न सांगलीहून आलाय. थोडक्यात असा: घरात पाच जण. नवरा-बायको चाळिशीतले, दोघंही नोकरी करणारे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. आई पासष्टीच्या, बीपीची गोळी चालू. बाबा एकाहत्तर वर्षांचे, एसटीतून निवृत्त, गुडघे दुखरे. सहा रात्री, चार लाखांपर्यंत खर्च, आणि शाळेच्या हिशोबाने दिवाळीची सुट्टी. बायकोला आणि मुलीला दुबई हवी आहे. बाबांना अंदमान, कारण त्यांना सावरकरांची कोठडी बघायची आहे. आईंचं म्हणणं, ‘कुठंही चला, पण भांडू नका.’ तर या दोन्हींत चांगलं काय?

मी बरीच वर्षं पुण्यात बसून अशाच घरांच्या सहली आखून देते. मोठे ग्रुप नाहीत, चार-सहा-आठ जणांची कुटुंबं. ‘चांगलं काय’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि त्याला सरळ उत्तर नसतं. दुबईही चांगली, अंदमानही चांगलं. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: ठरवलेला दिवस फिसकटला तर तुमच्या घरातली माणसं काय करतात? कारण ही दोन ठिकाणं तिथेच सगळ्यात जास्त वेगळी आहेत. शहर सांभाळून घेतं, बेट घेत नाही.

आधी शहराचं. समजा दुबईत सकाळी बाबांचे गुडघे धरले आणि बाहेर पडायला अकरा वाजले. काही बिघडत नाही. मेट्रो पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालू असते, टॅक्सी हात केला की थांबते, मॉल रात्री उशिरापर्यंत उघडे असतात. बुर्ज खलिफाचं वेळ ठरवून काढलेलं तिकीट सोडलं तर बहुतेक गोष्टी दुपारी, संध्याकाळी किंवा उद्या करता येतात. तिघांना बाजारात जायचंय आणि दोघांना झोपायचंय, तर तेही जमतं. बाबा-आई हॉटेलवर, बाकीचे खाली मीना बाजारात, रात्री सगळे एकत्र जेवायला. पाच माणसं, पाच मर्जी, तरी कुणी कुणासाठी अडून बसत नाही. मुलगी दमून रडायला लागली तर पंधरा मिनिटांत तिला गार खोलीत नेता येतं. नऊ वर्षांचं मूल घेऊन फिरलेल्या माणसाला याची किंमत कळते.

बेटाचा दिवस लग्नाच्या मुहूर्तासारखा असतो, एकदा टळला की टळला. अंदमानात तो तीन गोष्टींनी बांधलेला असतो: फेरी, उजेड आणि भरती-ओहोटी. यातली एकही तुमच्या हातात नाही.

फेरी म्हणजे बेटाबेटांमधली बोट: पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक, तिथून नील, तिथून परत पोर्ट ब्लेअर. (सरकारी नावं आता बदलली आहेत. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव दिसलं तर दचकू नका, रिक्षावाला अजून जुनंच बोलतो.) खाजगी कंपन्यांच्या वातानुकूलित बोटी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड ते दोन तासांत पोहोचवतात. ठरलेल्या वेळेला सुटतात, आधीपासून भरलेल्या असतात, आणि समुद्र खवळला की बंदर खातं त्यांना सोडतच नाही. चुकली तर ‘पुढची पकडू’ असं म्हणता येत नाही, कारण पुढची बहुधा उद्या असते आणि तीही भरलेली असते.

उजेडाचं बरेच जण विसरतात. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे, की घड्याळ भारताचं आणि सूर्य जवळजवळ म्यानमारचा. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेपाचच्या आसपास उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. म्हणजे ज्या राधानगर किनाऱ्याचा सूर्यास्त बघायला लोक हॅवलॉकला जातात, तिथे दुपारी साडेतीनला पोहोचलेलं असायला हवं. जेवून, वामकुक्षी काढून, चहा घेऊन पाचला निघणाऱ्या कुटुंबाला तिथे अंधारात परतणारी माणसं भेटतात. आणि संध्याकाळी सहानंतर हॅवलॉकवर फारसं काही नाही. हॉटेल, जेवण, लाटांचा आवाज, पत्ते. ज्यांना हे हवं असतं त्यांना यासारखं सुख नाही. ज्यांना नको असतं ते दुसऱ्या रात्री मला फोन करतात, ‘इथे करायचं काय?’ म्हणून.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला तिथी सांगितली की तो पाण्याची वेळ सांगतो; सांगलीकरांना ती सवय असण्याचं कारण नाही. नीलवरचा लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो, आणि तिथवर जायला शेवाळलेल्या, खाचखळग्यांच्या खडकांवरून चालावं लागतं. बाबांनी तिथे जाऊ नये, हे आत्ताच सांगून ठेवते. त्याच बेटावर भरतपूरला मात्र उलटं: ओहोटी जास्त असली की काचेच्या तळाच्या बोटी नीट चालत नाहीत. आणि दिवाळी म्हणजे अमावास्या. त्या दोन-चार दिवसांत उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि जास्त उतरतं. वेळा आधी बघून दिवस आखला नाही तर अर्धा दिवस वाळूत बसून जातो.

आता हवामान. माझ्या मते तुमचा अर्धा निर्णय इथेच होतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानला झोडपतो, आपल्याकडे यायच्या आधी तो तिथे हजेरी लावतो. त्यानंतर ईशान्य मोसमी वारे येतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ असतो. दिवाळीत अंदमानला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना छान ऊनही मिळतं. मी घाबरवत नाहीये. पण कमी दाबाचा पट्टा तयार झाला की फेऱ्या थांबतात, आणि मग माणूस ज्या बेटावर असेल तिथेच राहतो. डिसेंबर २०१६ मध्ये असं झालं होतं, तेव्हा हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. जानेवारी शेवटापासून मार्चपर्यंत मात्र पाऊस नावाला, समुद्र शांत, पाणी स्वच्छ. अंदमानचा खरा हंगाम तो.

दुबईला नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम आहे. दिवाळी लवकर आली, ऑक्टोबरात, तर दुपारी ऊन टोचतं, पण संध्याकाळी बाहेर पडता येतं. ग्लोबल व्हिलेजची जत्रा आणि मिरॅकल गार्डनची फुलबाग ही हिवाळ्यातच उघडी असतात, तेव्हा मुलीच्या दृष्टीनेही हाच काळ बरा. शहरही कधी गडबडतं, नाही असं नाही. एप्रिल २०२४ मध्ये एका दिवसाच्या पावसाने दुबई विमानतळाची दाणादाण उडाली, आणि जून २०२५ मध्ये आखातातल्या तणावामुळे तिथलं आकाश काही तास बंद झालं होतं. त्यामुळे निघायच्या महिनाभर आधी त्या भागातल्या बातम्यांवर लक्ष ठेवाच. पण हे अपवाद झाले. अंदमानात फेरी रद्द होणं हा अपवाद नव्हे, तो धंद्याचा भाग आहे.

यावरून ‘मग दुबईच’ असं वाटेल. थांबा. बाबांच्या गुडघ्यांचा हिशोब अजून झाला नाही, आणि तो लोक उलटा करतात.

समज असा असतो, की दुबईत सगळीकडे लिफ्ट, सरकते जिने, गाडी दारात. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सोपी. अंदमान म्हणजे जंगल आणि समुद्र, म्हणजे अवघड. प्रत्यक्षात दुबईत चालणं भयंकर आहे, फक्त ते सपाट आणि गार असतं म्हणून लक्षात येत नाही. मेट्रो स्टेशनातून दुबई मॉलमध्ये शिरायला जो बंदिस्त पूल आहे, तोच पाऊण किलोमीटरहून लांब. सरकते पट्टे आहेत, तरी. मॉलच्या आत मत्स्यालय एका टोकाला, बुर्जची रांग दुसरीकडे, खायचं वरच्या मजल्यावर. रात्री हॉटेलवर आल्यावर गुडघे सुजलेले दिसतात तेव्हा कळतं. उपाय सोपा आहे: मॉलमध्ये व्हीलचेअर मिळते, विमानतळावर मिळते, ती घ्यायची. अडचण एकच असते, आपले बाबा लोक व्हीलचेअरवर बसायला तयार नसतात. ते घरून निघायच्या आधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून घ्या. तिथे मॉलच्या दारात वाद नको.

अंदमानात एकूण चालणं कमी आहे, पण जे आहे ते वाकडंतिकडं. जेट्टीच्या पायऱ्या, हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं, मऊ वाळू. हॅवलॉकवरच्या एलिफंट बीचला जाताना स्पीडबोटीतून उतरताना कधीकधी पाय पाण्यात टाकायचा असतो, आणि मागून लाट येत असते. तरुणाला मजा, दुखऱ्या गुडघ्याला शिक्षा. फेरीत चढताना मात्र फळी असते, कर्मचारी हात देतात, आणि वयस्कर माणसांना पुढे घेतात. तेवढं जमतं.

आणि सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला, मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती अशा पसरलेल्या, की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. कैद्याने कैद्याचा चेहरा बघू नये म्हणून. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी रुग्णालय आहे. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात आधीपासून होते, आणि आपला भाऊही इथेच आहे हे कितीतरी काळ दोघांना माहीत नव्हतं. आता तुमच्या कामाची गोष्ट: सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. लिफ्टचा प्रश्नच नाही. जुने जिने चढायचे, मग लांब व्हरांडा चालत जायचा. आज बाबा कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून हे करू शकतील, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. पाच वर्षांनी करू शकतील का?

माझ्या दृष्टीने याच प्रश्नावर सगळं फिरतं. दुबई कुठे पळून जात नाही. बाबा शहात्तर वर्षांचे झाले तरी त्यांना व्हीलचेअरवर बसवून दुबई दाखवता येईल, आणि तेव्हा मुलगी चौदा वर्षांची असेल, तिला तर ती आत्तापेक्षा जास्त आवडेल. अंदमानला मात्र बाबांचे पाय लागतात. दोन ठिकाणांत निवड करताना लोक ‘कुणाला काय आवडतं’ हे बघतात. मी आधी बघते की कोणती सहल पुढे ढकलता येते आणि कोणती येत नाही.

तेव्हा तुमच्या घरासाठी माझं मत असं: दिवाळीत जायचंच असेल आणि दुसरी तारीख अशक्य असेल, तर दुबई. पण चौथीतल्या मुलीची चार-पाच दिवस शाळा बुडवून, तुम्ही दोघं रजा जुळवून फेब्रुवारीत निघू शकत असाल, तर आधी अंदमान. दिवाळी घरी करा. २६ जानेवारीचा जोडून सुट्ट्यांचा आठवडा मात्र टाळा. गर्दी असते आणि बोटींची तिकिटं मिळत नाहीत.

काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्याने हे मत बदलू शकतं. आईंना बोट लागते का? घाटात एसटीत उलटी होणाऱ्या माणसाला बोट लागण्याची शक्यता मी धरून चालते. गोळी मिळते, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, पण तिने झोप येते, आणि आईंची बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. कुणाला हृदयाचा त्रास आहे का? असेल तर बेटावर दोन रात्री काढताना विचार करा. हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरलाच न्यावं लागतं, आणि मध्ये समुद्र आहे. दुबईत दवाखाने उत्तम, पण बिल बघून धाप लागेल. तिथे प्रवास विमा काढताना जुने आजार न लपवता लिहा, नाहीतर विमा असून नसल्यासारखा.

पैशाबद्दल. चार लाखांत, तिकिटं वेळेत काढलीत तर, दोन्ही बसायला हरकत नाही. फरक पैसा कुठून गळतो त्यात आहे. अंदमानात तुमचा बहुतेक खर्च निघायच्या आधीच ठरलेला असतो: विमान, हॉटेलं, बोटी, गाडी. तिथे जाऊन उधळायला फारसं काही नाही. दुबईचं पॅकेज जाहिरातीत स्वस्त दिसतं, कारण त्यात बुर्ज नाही, मत्स्यालय नाही, वॉटर पार्क नाही, दुपारचं जेवण नाही. शिवाय हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली की पाच तिकिटं निघतात. दुबई ठरली तर कोणत्या तीन गोष्टी पैसे देऊन बघायच्या ते घरीच ठरवा आणि बाकीचं फुकटातलं घ्या. फुकटात किंवा चिल्लरमध्ये दुबई खूप देते. खाडी ओलांडायला आब्रा, म्हणजे तिथली लाकडी होडी, एक दिरहम घेते, आणि बर दुबईहून देऱ्याला जाताना खाडीच्या मधोमध जो वारा लागतो तो बाबांना बुर्जपेक्षा जास्त आवडेल अशी माझी पैज. मेट्रोचं साधं तिकीट कार्डावर ३ ते साडेसात दिरहम. मेट्रोत चिवड्याची पिशवी मात्र उघडू नका, खाण्यापिण्याला १०० दिरहम दंड आहे. आणि महिलांच्या डब्यात बाबा चुकून चढले तरी दंडच.

वाळवंट सफारीबद्दल सगळे विचारतात. गाडी वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत नेतात तो भाग आई-बाबांना नको. कंबर आणि गुडघे दोन्ही जातील. बुकिंग करतानाच सांगितलं तर बहुतेक लोक त्यांना वेगळ्या गाडीने सरळ कॅम्पवर सोडतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर द्या.

अंतराचा एक गमतीशीर भाग आहे. परदेश असून दुबई जवळ आहे आणि देशात असून अंदमान लांब. मुंबईहून दुबईचं विमान तीन-सव्वातीन तासांचं. पोर्ट ब्लेअरला जायला बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरुला विमान बदलायचं, आणि त्याआधी सांगली ते मुंबई किंवा पुणे रात्रीचा प्रवास. म्हणजे घरून निघाल्यापासून हॉटेलात टेकेपर्यंत जवळजवळ सगळा दिवस. त्यामुळे अंदमानला पहिल्या दिवशी काहीही आखू नका. जमलं तर संध्याकाळी जेलमधला ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. तो बसून बघायचा असतो, बाबांना सोपा. कोठडी दुसऱ्या कोणत्या तरी दिवशी सकाळी, जेल उघडल्या उघडल्या, गर्दी आणि ऊन वाढायच्या आत.

सहा रात्री अशा लावा: पहिली पोर्ट ब्लेअर, मग दोन हॅवलॉक, एक नील, आणि शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअर. शेवटच्या दोन का, असं सगळे विचारतात, कारण त्यांना किनाऱ्यावर अजून एक रात्र हवी असते. आमच्या धंद्यातला नियम आहे: विमानाच्या दिवशी फेरी नाही. एक दिवस हाताशी असला तर रद्द झालेली फेरी ही फक्त कटकट असते. नसला तर पाच विमानतिकिटं बुडतात. फेरी नीट चालली तर तो जादा दिवस वाया जात नाही, तोच जेलचा दिवस. शिवाय समोरचं रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, अर्ध्या दिवसात होतं. वडांच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या इमारती आणि माणसांना न घाबरणारी हरणं, आणि आत फिरायला विजेवरची गाडी मिळते.

बाराटांग बेट मी तुमच्या यादीतून काढते. चुनखडीच्या गुहांसाठी लोक पहाटे तीन-साडेतीनला निघतात, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने गाड्या जातात, मग बोट, मग चालणं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे कशाला? आणि एक स्पष्ट सांगते: ‘जारवा दिसतील का’ असं विचारणाऱ्यांना मी ही सहल आखून देतच नाही. रस्त्याकडेची माणसं बघायला जाणं ही सहल नव्हे, आणि त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे.

मुलीसाठी स्कूबाचा विचार असेल तर बहुतेक केंद्रं दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात उतरवत नाहीत. तिला स्नॉर्केलिंग करू द्या, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं. तेवढ्यात हरखून जाईल. तुम्ही दोघं स्कूबा करणार असाल तर विमानाच्या आधी किमान १८ तास, शक्यतो २४ तास मोकळे ठेवा. हॅवलॉकला सुरुवातीला ठेवण्याचं तेही एक कारण. (फक्त स्कूबासाठी कुणी अंदमान ठरवत असेल तर आधी तारकर्ली करून बघा. पाणी इतकं नितळ नसतं, पण आवडतं की नाही ते तरी कळेल.) किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ मुलीच्या खिशात जाणार नाहीत याकडे लक्ष द्या. नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात.

जेवणाचा दोन्हीकडे बाऊ नको. दुबईत करामा आणि बर दुबई भागात उतरलात तर भारतीय जेवण पायाखाली आहे, वडापावसकट. अंदमानात शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते, मासे खाणाऱ्यांची तर चंगळच. बोली सगळी हिंदी, आईंना कुठे अडणार नाही. छोट्या बेटांवर रोख पैसे मात्र जवळ ठेवा. समुद्राखालून केबल आल्यापासून, म्हणजे २०२० नंतर, नेट सुधारलंय, पण ते रुसलं की यूपीआयही रुसतं.

थोडक्यात, निर्णय कॅलेंडरपासून करा, फोटोंपासून नको. तारीख दिवाळीची पक्की असेल तर दुबई. फेब्रुवारी जमत असेल तर अंदमान. आणि बाबांच्या डॉक्टरांनी ‘जिने अजिबात नकोत’ असं सांगितलं असेल तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवून पुन्हा दुबई.

आता या आठवड्यात करायची कामं. पाचही जणांचे पासपोर्ट काढून बघा. दुबईला प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक लागते, आणि मुलीचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो संपत आला असेल. व्हिसा आधी काढून जायचा असतो, त्यासाठी हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मागतात. बाबांच्या गोळ्यांची यादी करा. गुडघेदुखीवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ट्रामाडॉल, नसांच्या दुखण्याची प्रिगॅबॅलिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही तिकडे नियंत्रित औषधं आहेत. त्यातलं काही चालू असेल तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यायची, आणि डॉक्टरांची चिठ्ठी मूळ प्रतीत बरोबर ठेवायची. परवानगी नसेल तर डॉक्टरांकडून पर्यायी गोळी लिहून घ्या.

आणि दिवाळीत दुबई ठरली तर फराळाच्या डब्यात चकली, शेव, लाडू, करंज्या काय हवं ते न्या, पण अनारसे घरीच ठेवा. खसखस तिथे बंदी असलेल्या मालात मोडते, आणि आईंनी करंजीच्या सारणातही ती घातली असेल तर करंज्याही राहू द्या.